हुंडीचे गाव : पिंगयाओत एक दिवस

आपल्या समाजातील पुष्कळ व्यापारी आता चीनला जाऊन येतात. मात्र त्यांचा चीन म्हणजे बहुधा यीवूचा घाऊक बाजार, ग्वांगझौचे प्रदर्शन आणि शेनझेनचे कारखाने. माल पाहायचा, भाव ठरवायचा आणि परतायचे. या धावपळीतून दोन दिवस काढून कोणी उत्तरेकडे गेला, तर शान्शी प्रांतात त्याला असे एक गाव भेटेल की जेथील घरे, लिपी, देवळे सारे परके. पण जेथील व्यवहार ओळखीचा. पेढी, मुनीम, गुमास्ता, बट्टा, हुंडणावळ हे शब्द ज्यांच्या आजोबांच्या नित्य बोलण्यात होते, त्यांना पिंगयाओचे वेगळे भाषांतर करून द्यावे लागत नाही.

चीनमधील हुंडीची पहिली मोठी पेढी १८२३ साली या गावात निघाली. पुढे वीसहून अधिक पेढ्यांची मुख्य कचेरी येथेच होती, आणि पिंगयाओ, चीष्येन व ताईगू या शेजारच्या तीन गावांतून देशभरच्या पैशाची ने-आण चाले. आज पिंगयाओ हे एक छोटे तालुक्याचे गाव आहे. १९९७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. तटाच्या आतील जुने गाव अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे. त्यामुळे वाटाड्या न घेता, हाती एक नकाशा ठेवून, ते एका दिवसात पायी पाहता येते.

बीजिंगहून वेगवान रेल्वेने सुमारे चार तासांत पिंगयाओ गाठता येते. शीआनहून साधारण तीन तास लागतात. प्रांताची राजधानी ताइयुआन तर सुमारे नव्वद किलोमीटरवरच आहे. नवे स्थानक गावाबाहेर असल्याने तेथून बस किंवा टॅक्सी करावी. आदल्या सायंकाळी पोहोचून तटाच्या आतीलच एखाद्या जुन्या वाड्यात मुक्काम करणे उत्तम. अशा वाड्यांतून ‘खांग’ नावाचा विटांचा रुंद ओटा असतो. हिवाळ्यात त्याच्या पोटातून चुलीची ऊब फिरवतात आणि घरची मंडळी त्यावर निजतात. गल्ल्यांतून फिरायला पैसे पडत नाहीत. तट, पेढ्या, कचेरी, देवळे यांसाठी एकच सामायिक तिकीट मिळते. ते सकाळीच घ्यावे.

सकाळ : तटावरून

दिवसाचा आरंभ तटापासून करावा. बाजारात गर्दी होण्यापूर्वी वरून सारे गाव एका दृष्टीत येते. हा तट १३७० साली, मिंग राजवटीच्या आरंभी, आजच्या रूपात बांधला गेला. आत चोपलेली माती आणि बाहेरून विटांचा मुलामा अशी त्याची घडण आहे. परीघ सहा किलोमीटरांहून थोडा अधिक, उंची सुमारे बारा मीटर. त्यावर ७२ टेहळणीच्या चौक्या आणि ३००० कंगोरे आहेत. कन्फ्यूशियसचे तीन हजार शिष्य आणि त्यांतील बहात्तर ज्ञानी यांची ती संख्या असे सांगतात. उत्तरेस एक, दक्षिणेस एक आणि पूर्व-पश्चिमेस दोन-दोन असे सहा दरवाजे. त्यावरून लोकांनी गावाला कासवाची उपमा दिली. दक्षिण दरवाजा म्हणजे डोके, उत्तर दरवाजा शेपूट आणि उरलेले चार म्हणजे पाय. कासव चालून जाऊ नये म्हणून त्याचा एक पाय दूरच्या एका मनोऱ्याला दोरीने बांधला आहे, अशीही कथा आहे. लक्ष्मी चंचल असते हे त्या लोकांनाही ठाऊक होते, इतकाच तिचा अर्थ घ्यावा.

तटावरून घरांच्या छपरांकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे छप्पर दोन्ही बाजूंना उतरते. येथील बहुतेक वाड्यांचे छप्पर एकाच बाजूला, आतील चौकाकडे, उतरते आणि बाहेरच्या बाजूला बिनखिडकीची उंच भिंत असते. पावसाचे पाणी म्हणजे धन. ते आपल्याच अंगणात पडावे, अशी त्यामागची समजूत. कोरड्या, पिवळ्या मातीच्या या प्रदेशात पाऊस कमी आणि शेती बेताची. म्हणूनच येथील माणूस व्यापारासाठी बाहेर पडला. मारवाड-कच्छातून आपले पूर्वज का निघाले, याचे उत्तर ज्यांना माहीत आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. शान्शीच्या व्यापाऱ्यांनी मीठ, धान्य, कापड आणि चहा यांच्या व्यापारातून मंगोलियापर्यंत आणि रशियाच्या सीमेपर्यंत जाळे विणले होते.

बाजार आणि पहिली पेढी

तटावरून उतरून दक्षिणेच्या मोठ्या रस्त्याला लागावे. हा गावाचा जुना बाजार. मधोमध रस्त्यावरच बाजार-मनोरा उभा आहे आणि त्याच्या कमानीखालून वाट जाते. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांच्या दर्शनी दुकानांच्या रांगा आहेत. आज त्यांतील बरीच दुकाने प्रवाशांसाठी खाऊ आणि स्मरणवस्तू विकतात, हे खरे. त्यातही लाखेसारख्या चकाकणाऱ्या रोगणाच्या पेट्या अवश्य पाहाव्यात. झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवून, शेवटी हाताच्या तळव्याने घासून त्यांना झळाळी आणतात. हे पिंगयाओचे खास काम आहे.

बाजाराच्या उत्तर टोकाला पश्चिमेकडे वळले की ‘रिशेंगचांग’ लागते. नावाचा अर्थ सूर्योदयाबरोबर वाढणारी भरभराट. १९९५ पासून येथे संग्रहालय आहे. दर्शनी भाग आपल्याकडील कोणत्याही जुन्या पेढीसारखाच साधा. मात्र आत एकामागून एक तीन चौक. पुढच्या चौकात पैसे घेण्या-देण्याचे गाळे, त्यामागे हिशेबाच्या आणि पत्रव्यवहाराच्या खोल्या, मुनीमाची बैठक, पाहुण्यांची खोली, स्वयंपाकघर.

ही पेढी मुळात रंगाचे दुकान होती. मालक ली घराण्याचे; त्यांची बीजिंगलाही शाखा होती. बीजिंगमध्ये धंदा करणाऱ्या पिंगयाओच्या माणसांना वर्षाअखेरीस घरी चांदी पाठवायची असे. वाटेवर लुटारूंचे भय. शस्त्रधारी पहारेकऱ्यांच्या मंडळ्या भाडे घेऊन चांदी पोहोचवीत, पण ते महाग आणि तरीही धोक्याचे. मग ही माणसे चांदी बीजिंगच्या रंगाच्या दुकानात भरू लागली आणि घरची मंडळी चिठ्ठी दाखवून ती पिंगयाओत घेऊ लागली. प्रथम हा केवळ गाववाल्यांचा उपकार होता. लेई ल्यूताई हा त्या दुकानाचा मुख्य मुनीम. या उपकारात धंदा आहे हे त्याने ओळखले. मालक ली दाछुआन याने त्याचे ऐकले, आणि रंगाचे दुकान हुंडीची पेढी झाले. पुढे तिच्या शाखा देशातील तीसहून अधिक शहरांत पसरल्या.

हुंडीचा व्यवहार आपल्याला परिचित आहे. म्हणून येथे फरकाकडे पाहावे. प्रत्येक शहरातील चांदीचे वजन आणि कस वेगळा असल्याने पेढीने स्वतःचे प्रमाण-वजन ठरवले होते आणि त्यावरून बट्टा काढला जाई. हुंडीचा कागद खास बनवलेला, त्यात उजेडाला धरल्यावर दिसणारी खूण. लिहिणारा ठरावीक माणूस. त्याचे अक्षर सर्व शाखांना ओळखीचे. शिवाय महिना, दिवस आणि रक्कम उघड आकड्यांत न लिहिता सांकेतिक अक्षरांत लिहीत. बारा महिन्यांसाठी बारा अक्षरे. आणि त्या अक्षरांचे मिळून एक वाक्यच होई, ज्याचा आशय असा की खोट्या हुंडीपासून सावध राहा, अक्षर आणि शिक्का नीट पाहायला विसरू नका. संकेत वेळोवेळी बदलला जाई.

येथे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एक वृद्ध भिकारीण एके दिवशी जुनी, विटलेली हुंडी घेऊन पेढीवर आली. मेलेल्या नवऱ्याच्या अंगरख्यात ती तिला सापडली होती. हुंडी तीसहून अधिक वर्षांपूर्वीची होती. मुनीमाने जुन्या वह्या काढल्या, नोंद जुळवली आणि पूर्ण रक्कम तिच्या पदरात घातली. गोष्ट कितपत घडली हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यातील महत्त्वाचा भाग मुनीमाचे औदार्य हा नव्हे. तीस वर्षांपूर्वीची वही जागेवर सापडली, हा आहे.

गादी कोणाची?

पेढीच्या चौकातून फिरताना या लोकांचे नियम वाचावेत. कुटुंबाचा धंदा चालवणाऱ्या प्रत्येकाने त्यांवर विचार करावा, असे ते आहेत.

पहिला नियम मालकाविषयी. भांडवल मालकाचे, पण कारभार मुख्य मुनीमाचा. मुनीम निवडताना मालक हवी तितकी चौकशी करी. एकदा नेमल्यावर मात्र रोजच्या व्यवहारात त्याला शब्द नसे. काही वर्षांनी हिशेब बंद होई, तेव्हाच त्याने जाब विचारायचा. तोटा झाला तर मात्र जबाबदारी संपूर्ण मालकाची, घरादारापर्यंत.

दुसरा नियम नोकरांविषयी. मालकाच्या चांदीचा जसा भाग असे, तसा नोकराच्या श्रमाचाही भाग असे. त्याला ते ‘अंगाचा हिस्सा’ म्हणत. उमेदवारी पुरी करून काही वर्षे निष्ठेने काम केलेल्या गुमास्त्याला एका भागाचा दहावा अंश मिळे. तो वाढत वाढत मुख्य मुनीमाच्या बाबतीत पूर्ण एक भाग होई. नफ्यात वाटा, तोट्यात नाही. हिस्सेदार नोकर वारला तरी पुढील काही हिशेबांपर्यंत त्याच्या घरी तो वाटा जात राही. दूरच्या शाखेत हजारो तोळे चांदी हाताळणारा माणूस प्रामाणिक का राहिला, याचे उत्तर केवळ त्याच्या स्वभावात नाही. या नियमातही आहे.

तिसरा नियम नातेवाइकांविषयी. शान्शीच्या अनेक पेढ्यांत तीन प्रकारच्या माणसांना नोकरी वर्ज्य होती : मालकाचा मुलगा, मालकाचा जावई आणि मालकाचा मेहुणा. त्यांना काढता येत नाही, रागावता येत नाही, आणि त्यांच्यासमोर मुनीम खरे बोलत नाही, हे त्या लोकांनी जाणले होते. आपल्याकडे मुलगा हाताशी येणे हीच पेढीची पुण्याई मानतात, आणि त्यातही चुकीचे काही नाही. तरीही मुलगा गादीवर बसतो तो पात्रतेमुळे की नात्यामुळे, हा प्रश्न त्यांनी नियम करून सोडवला. आपण तो बहुधा मनातच ठेवतो.

या व्यवस्थेची किंमतही मोठी होती. शाखेवर गेलेला गुमास्ता तीन-तीन वर्षे घरी येत नसे; बायको-मुलांना बरोबर नेण्याची मुभा नव्हती. पिंगयाओच्या उंच भिंतींच्या वाड्यांतून कितीतरी स्त्रियांनी असे आयुष्य काढले. ‘परदेशी’ गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या आजी-पणजीच्या आठवणी आपल्या घरांतूनही आहेत.

दुपार : जेवणाचा विचार

भोजनाविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पिंगयाओ खारवलेल्या गोमांसासाठी प्रसिद्ध आहे आणि बाजारात त्याची दुकाने पावलोपावली दिसतात. ज्यांना ते दृश्य सहन होत नाही त्यांनी मुख्य रस्ता टाळून बाजूच्या गल्ल्यांनी फिरावे. साध्या दिसणाऱ्या शेवयांच्या वाटीतही रस्सा हाडांचा असू शकतो. म्हणून ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे सांगून थांबू नये. ‘पू याओ रौ थांग’, मांसाचा रस्सा नको, हेही सांगावे. आणि ‘पू याओ त्सोंग, पू याओ स्वान’, कांदा नको, लसूण नको. ही वाक्ये चिनी लिपीत लिहवून जवळ ठेवणे अधिक सुरक्षित.

चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसूण वर्गातील उग्र भाज्या वर्ज्य आहेत, त्यामुळे असे अन्न ही तेथे अनोळखी कल्पना नाही. मात्र बटाटा, मुळा, कमळाची मुळे आणि अळंबी त्यांना चालतात. कंदमूळ न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शान्शीचा गडद, ज्वारीचा शिरका प्रत्येक मेजावर असतो. तो आंबवलेला असल्याने ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी आधीच नको म्हणावे. ओटच्या पिठाच्या वाफवलेल्या नळ्या हा येथील खास पदार्थ. रस्सा वेगळा देतात, तेव्हा तो बाजूला ठेवून आपली चटणी बरोबर घ्यावी. खाखरा, थेपला आणि सुका मेवा जवळ असला म्हणजे बाकी चिंता उरत नाही. साऱ्या चीनमध्ये घड्याळ एकच असल्याने सूर्यास्ताची वेळ स्थानिक पाहूनच चौविहाराचा बेत करावा.

तिसरा प्रहर

जेवणानंतर दक्षिण रस्त्यावरच ‘श्येथोंगछिंग’ ही दुसरी पेढी पाहावी. तिचे चांदी ठेवण्याचे तळघर पाहण्यासारखे आहे. त्याच रस्त्यावर शस्त्रधारी पहारेकऱ्यांच्या मंडळीचे जुने ठाणे आहे. हुंडी आली आणि या लोकांचे काम हळूहळू संपले. एका कागदाने तलवारीचा व्यवसाय बुडवला, हे दोन्ही वास्तू एकाच दुपारी पाहिल्याने चांगले समजते.

नंतर नैऋत्येकडील तालुक्याच्या जुन्या कचेरीत जावे. तेथे न्यायासनाचे दालन आणि तुरुंग, दोन्ही आहेत. तिच्या समोरच्या अंगाला, गावाच्या पूर्व भागात, नगरदेवतेचे देऊळ आहे. कचेरीतील अधिकारी जिवंतांचा न्याय करी आणि नगरदेवता मेलेल्यांचा. म्हणून दोन्ही जागा गावाच्या नकाशात तोलून मांडल्या आहेत. जवळच कन्फ्यूशियसचे मंदिर आहे. त्याचे मुख्य दालन ११६३ सालचे. घडवलेल्या लाकडांचे थर एकमेकांत गुंतवून त्याचे जड छप्पर तोलले आहे.

सायंकाळ : दोन पत्रांची गोष्ट

उन्हे कलल्यावर पुन्हा पश्चिम रस्त्यावर यावे. रिशेंगचांगच्या शेजारीच ‘वेईताईहौ’ ही पेढी आहे. रिशेंगचांगचा दुय्यम मुनीम माओ होंगह्वेई याचे लेईशी बिनसले. तो शेजारच्या पेढीत गेला आणि कापडाच्या त्या दुकानाची त्याने हुंडीची पेढी केली. वैर इतके वाढले की दोघांनी आपल्या घरातील मुलांना एकमेकांची नावे ठेवली, म्हणजे घरात रोज त्या नावाने ओरडता येईल, असे लोक सांगतात. भांडण क्षुद्र होते. पण त्या स्पर्धेतून धंदा वाढला.

शेवट मात्र स्पर्धेने केला नाही. १९०४ साली सरकारने नवी बँक काढताना या पेढ्यांना भाग घेण्याचे आमंत्रण दिले. पिंगयाओच्या मुख्य पेढ्यांनी ते नाकारले. १९०८ साली ली होंगलिंग या बीजिंगच्या एका शाखेच्या मुनीमाने पिंगयाओला कळकळीचे पत्र लिहिले : परदेशी आणि सरकारी बँका आपला धंदा घेत आहेत, सर्व पेढ्यांनी एकत्र येऊन आधुनिक बँक काढावी. इतर शहरांतील मुनीमांचाही त्याला पाठिंबा होता. वेईताईहौचा त्या वेळचा मुख्य मुनीम विरोधात गेला. त्याला या प्रस्तावामागे ली होंगलिंगचा स्वार्थ दिसला. प्रस्ताव बारगळला. १९११ च्या क्रांतीत शाखा लुटल्या गेल्या, दिलेली कर्जे बुडाली, ठेवीदार दारात उभे राहिले. आणि मालकांची जबाबदारी अमर्याद होती. १९१४ साली रिशेंगचांगने दार लावले.

गुमास्त्यांच्या प्रामाणिकपणात या साऱ्या काळात उणे आले नव्हते. ज्या व्यवस्थेने दूरच्या नोकरावर विश्वास टाकला, तिनेच दूरच्या नोकराचे ऐकले नाही, एवढे उणे होते. बाजाराचे वारे बीजिंगच्या मुनीमाला कळत होते. निर्णय मात्र तटाच्या आत बसलेल्यांच्या हाती होता.

ली होंगलिंगने आपली पत्रे आणि या साऱ्या प्रकरणाची हकिगत १९१७ साली छापली. धंदा वाचला नाही. पण तो का बुडाला हे आज कळते ते त्या कागदांमुळे.

पेढ्या बुडाल्यावर गाव गरीब झाले. नवी घरे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनी उरली. १९८०च्या दशकाच्या आरंभी रुंद रस्त्यांसाठी पाडापाडी सुरू झाली, तेव्हा थोंगची विद्यापीठाचे प्राध्यापक रुआन यीसान यांनी धावपळ करून नवी वस्ती तटाबाहेर वसवण्याची योजना मान्य करून घेतली. तरीही काळजी संपलेली नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत तटाच्या आतील बाजूचा सुमारे पंचवीस मीटरांचा भाग ढासळला होता.

ज्यांच्याकडे आणखी अर्धा दिवस असेल त्यांनी सहा किलोमीटरवरचे शुआंगलिन मंदिर पाहावे. तेथील मातीच्या रंगीत मूर्ती पाहून माणूस गप्प होतो. चनग्वो मंदिराचे लाकडी दालन तर ९६३ सालचे आहे.

परत आल्यावर एक काम करण्यासारखे आहे. आपल्या पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा जुन्या तिजोरीत लाल कापडात बांधलेल्या चोपड्या आणि वटलेल्या हुंड्या अजून आहेत. मोडी किंवा महाजनी अक्षर वाचणारे वडीलधारे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याजवळ बसून त्या आताच वाचून घ्याव्यात : कोणत्या गावी आपला आडत्या होता, कोणाची हुंडी आपण स्वीकारली, कोणता गुमास्ता किती वर्षे राहिला. घर रिकामे करताना ते गाठोडे रद्दीत देण्यापूर्वी एवढे तरी करावे.